बिनफोडणीचं वरण

आमच्या गावावरून जाणारी मोटार एकच होती. सकाळी कोठारीकडून यायची, आमच्या मोहाच्या झाडाखाली थांबायची, बल्लारपूरला डायवर-कंडक्टरचा चहा होईपर्यंत उभी राहायची आणि मग चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, जायची. दुपारी परत कोठारीला, उन्हं कलायच्या आधी पुन्हा चांदा, आणि दिवेलागणीला परत. बस म्हणायची पद्धत नंतर आली. रस्ता मुरमाचा होता. मोटार गेली की लाल धूळ अंगणातल्या वाळवणावर बसायची, आणि आमची माय मोटारीला शिव्या देत देत कुरड्या झटकायची. पण त्याच मोटारीची वाट सगळ्यात जास्त तीच बघायची, कारण बाबांचा डबा त्या मोटारीनं जायचा.

बाबा बल्लारपूरला कागदाच्या गिरणीत बांबू उतरवायच्या कामावर होते. आठवडाभर तिथंच चार जणांत एका खोलीत राहायचे आणि सुट्टीला गावी यायचे. त्या चौघांपैकी कोणालाच भात नीट शिजवता येत नव्हता. बाबांची पाळी दुपारची, म्हणून सकाळी ते मोटारीच्या अड्ड्यावर येऊन उभे राहत, डबा घेत आणि तिथंच चिंचेखाली बसून खात. रस्त्यावरच्या सगळ्या गावांतून असे डबे यायचे. डायवरच्या मागं एक बांबू आडवा बांधलेला होता, त्याला डबे लटकवायचे. कोणाचा कुठला हे कळावं म्हणून ज्यानं त्यानं आपली चिंधी बांधायची. आमची चिंधी मायच्या जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठाची. डब्यात भात, वरण, कधी आंबाडीची भाजी, कधी सुकी मासोळी. वरणाला फोडणी जवसाच्या तेलाची, लसूण आणि लाल मिरची टाकून. मोटार नाल्यात उतरली की तिचा घरघराट घरात ऐकू यायचा. त्या आवाजावर माय मिरची तेलात टाकायची, वरणावर ओतून झाकण लावायची, आणि मी डबा घेऊन पळायची. मी चौथी झाले होते. पुढची शाळा गावात नव्हती, त्यामुळे पळायला मी मोकळीच होते.

आता देवीचं सांगते, कारण हल्लीच्या पोरांना तो रोग माहीत नाही आणि माहीत नाही हे बरंच आहे. घरात कोणाच्या अंगावर देवीचे फोड आले की रोग आला असं कोणी म्हणत नव्हतं, देवी आली म्हणायचे. दाराला कडुनिंबाचे डहाळे बांधायचे. घरातल्या माणसानं पायात चपला घालायच्या नाहीत, दाढी करायची नाही. आणि चुलीवर फोडणी द्यायची नाही. तेल तडतडलं, मिरचीचा धूर झाला की देवी कोपते, आणि आजारी माणसाचे डोळे तरी जातात नाहीतर जीव तरी जातो, असं सगळे मानायचे. मीही मानायची. म्हणून देवीच्या घरात वरण नुसतं उकडलेलं, हळद-मीठ घातलेलं. ते बघूनच लोक ओळखायचे. त्या उन्हाळ्यात पलीकडच्या दोन गावांत देवी होती. मोटारीच्या मालकानं डायवर-कंडक्टरला सांगून ठेवलं होतं की जिथं देवी असेल तिथं गाडी थांबवायची नाही. आमच्या मोटारीचा डायवर मारोतीभाऊ. त्याचा थोरला पोरगा आदल्या वर्षी देवीनं गेला होता. त्याला मालकानं सांगायची गरज नव्हती.

त्या दिवशी पहाटेच मायच्या पोटात दुखायला लागलं. तिचं हे पहिलं बाळंतपण नव्हतं. ती उठून अंगण झाडून आली आणि मग म्हणाली, "यमे, चैतीबाईले बोलावून आण." चैतीबाई आमची सुईण, जंगलाकडच्या गोंडटोल्यावरची. काळी, उंच, हाताची बोटं लांब, आणि तोंड चालू असलं की थांबायचं नाही. ती आली, तिनं मायला बघितलं आणि घरातलं तेल मागितलं. कमरेला, ओटीपोटाला चोळायला. बुधल्यात होतं तेवढं सगळं जवसाचं तेल मी तिच्या वाटीत ओतलं. मग वरण मी शिजवलं. फोडणी द्यायला बुधला उलटा केला तर थेंब पडेना. मोटार नाल्यात उतरलेली होती. मी तसंच वरण डब्यात घातलं, हिरवी चिंधी बांधली आणि पळाले. लोक नंतर मला म्हणाले, पोरी, शेजारी मागायचं होतंस. मोटार शेजाऱ्यासाठी थांबत नव्हती. मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते, तेल मायच्या कमरेला लागत होतं, वरणाला नाही. यात माझी काही चूक नाही.

उन्हं चढली तशी चैतीबाईची बडबड बंद झाली. ती गप्प झाली तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं. तिनं मला दाराबाहेर बोलावलं आणि हळूच म्हणाली, "पोर आडवं हाय. मी फिरवून पाह्यलं, फिरत नाई. हे माह्या हातचं काम नाई आता. चांद्याच्या दवाखान्यात न्या लागते."

"बंडी जुंपू का?" मी विचारलं.

"बंडीनं उद्या सकाळी पोचशीन. तुही माय सकाळपर्यंत नाई राहत."

तिनं हे असंच सांगितलं, कुठं वळवून नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. खरं बोलणारं माणूस अशा वेळी बरं असतं. म्हणजे दुपारची मोटार गाठायची. ती आधी कोठारीकडे जाताना गावावरून जाणार, तेव्हाच मारोतीभाऊला सांगून ठेवायचं की येताना जागा ठेव, बाई न्यायची आहे. मी मोहाखाली जाऊन उभी राहिले. मोटार आली. नेहमी ती मोहाच्या अलीकडूनच हळू व्हायची. त्या दिवशी हळू झाली ती फक्त खड्ड्यापुरती. बाबूलाल कंडक्टर दाराला लोंबकळत होता, तोंडाला उपरणं बांधून. मी हात केला तर त्यानं मला हातानंच मागं ढकलल्यासारखं केलं.

"गाडी नहीं रुकेगी!" तो ओरडला. "तुमच्या डब्यात फोडणी नाई! गावात देवी हाय अन् लपवून राह्यले! तुह्या बापालेबी नाई घेतलं गाडीत, पैदल येऊन राह्यला!"

धूळ माझ्या तोंडावर आली आणि मोटार गेली.

झालं होतं असं, जे आम्हाला नंतर कळलं. बाबांनी चिंचेखाली डबा उघडला. बाजूला बाकीचे डबेवाले बसलेले. नुसतं उकडलेलं वरण बघून पहिल्यांदा बाबांनी हात मागं घेतला, मग शेजारचे उठून लांब जाऊन बसले. आमच्या गावची दोन माणसं त्या मोटारीत होती, ती म्हणाली, आम्हाला काही माहीत नाही. त्यावर कोण विश्वास ठेवणार? देवी लोक लपवायचेच. दुपारी मोटार चांद्याहून परतली तेव्हा बाबांनी मारोतीभाऊला विनवलं की मला घरी ने. तो म्हणाला, "माह्या गाडीत लेकुरवाळ्या बाया हाय, भाऊ. नाई." मग बाबांनी चपला चिंचेखाली काढून ठेवल्या, डबा उचलला आणि अनवाणी चालू लागले. वैशाखाचं ऊन होतं.

इकडे बाबूलालचं ओरडणं गावानं ऐकलं होतं. अर्ध्या घंट्यात चुली विझल्या. दारांना कडुनिंब लागला. आमच्या घराकडे कोणी फिरकेना. मायच्या कण्हण्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता आणि लोक तो ताप समजत होते. मी चार घरांत जाऊन सांगितलं की मायला देवी नाही, बाळंतपण आहे, खाट उचलायला माणसं पाहिजेत. माणसं माझ्याकडे न बघता जमिनीकडे बघत होती. शेवटी सखूबाई आली. सखूबाई म्हणजे पाटलाची आई, गावातली सगळ्यात म्हातारी बाई. तिच्या एका गालावर देवीचे वण होते, त्यामुळे देवीच्या बाबतीत तिचा शब्द चालायचा. ती काठी टेकत सरळ घरात शिरली, मायचे हात, गळा, पोट, पाठ सगळं बघितलं. बाहेर येऊन माणसांवर ओरडली, "एक फोड नाई तिच्या अंगावर! खाट उचला, मुडदे हो!"

खाट मोहाखाली आली. माय डोळे मिटून पडली होती, ओठ दाताखाली. आता प्रश्न मोटारीचा होता. कोणी म्हणालं, बंडी आडवी लावा रस्त्यात. पाटील म्हणाला, पलीकडच्या गावानं लाकडं टाकून तेच केलं होतं, तर मारोतीभाऊनं लांबूनच गाडी फिरवली आणि पुढं किती दिवस त्या रस्त्यानं मोटार गेली नाही. कोणी म्हणालं, हात जोडून उभे राहू. हात तर मी दुपारीही केला होता. सगळे बोलत होते आणि बोलण्यानं काही होत नव्हतं. मी मायकडे बघत होते. तिच्या कानामागून घाम ओघळत होता, आणि चैतीबाई तिच्या कमरेला वाटीतलं तेल लावत होती. ती वाटी बघून मला सुचलं. वरणाला फोडणी नव्हती म्हणून मोटार थांबली नाही. मग फोडणी दिली तर?

मी घरी पळाले, कढई, चुलीतलं पेटतं लाकूड आणि मिरच्या-मोहरी-लसणाची हंडी घेऊन आले. नाल्याच्या चढावर, जिथं मोटारीला हळू व्हावंच लागतं, तिथं तीन दगड मांडले. वारा पश्चिमेचा होता, धूर सरळ मोटारीच्या वाटेवर जाणार होता. सखूबाईनं ते बघितलं आणि तिचा चेहरा बदलला.

"काय करून राह्यली वो, पोट्टे?"

"फोडणी देतो."

"आजूबाजूच्या गावात देवी फिरून राह्यली अन् तू रस्त्यावर मिरच्या जाळतं? तुह्या मायच्या अंगावर आज फोड नाई, उद्या आला तं? साऱ्या गावाले नडन!"

"उद्या आला तं उद्या पाहू. आज तिले न्या लागते."

गावात तेल देणारं कोणी नव्हतं. मागितलं तर दारं लागली. मी चैतीबाईकडे गेले. ती माझ्याकडे बघत राहिली, मग मायकडे. वाटीत चार बोटं बुडतील इतकं तेल उरलं होतं. तिनं ती वाटी माझ्या हातात दिली. "घे. हे तिलेच कामी पडन. आमचे देव मोटारीच्या रस्त्यावर येत नाई, अन् आलेच तं मी बोलतो त्याइच्याशी."

मोटारीचा घरघराट आला तेव्हा तेल तापत होतं. मला वाटत होतं, माझे डोळे जातील. खरंच वाटत होतं. मी बारा-तेरा वर्षांची होते आणि सखूबाईच्या गालावरचे वण रोज बघत होते. मी मोहरी टाकली. तडतडली, पण धूर काही झाला नाही. सखूबाई लांब उभी होती, पदर नाकाला लावून. मोटारीचं तोंड चढावर दिसलं आणि ती तिथूनच खेकसली, "मोहरीनं काय वास येते, मूर्खे! लसूण टाक! मिरच्या तोडून टाक, अख्ख्या नको!"

मी लसूण टाकला, मिरच्या मूठभर तोडून टाकल्या. असा ठसका उठला की मलाच दिसेनासं झालं. मोटार धुरात शिरली, आतले सगळे खोकायला लागले, आणि ब्रेक लागला. इंजन चालूच होतं. बाबूलाल शिंकत शिव्या देत होता, "पागल हाय का रे ही पोट्टी!" मारोतीभाऊ मात्र खाली उतरला. जवळ आला नाही. दहा हात लांब उभा राहिला.

"कोण्या घरची तू?"

"हिरव्या चिंधीचा डबा माहाच होता."

"सकाळी फोडणी काऊन नाई घातली?"

"तेल नव्हतं. मायच्या कमरेले लावलं. तिचं पोर आडवं हाय."

"मंग आता तेल कुठून आलं?"

"तिच्याच कमरेचं हाय."

मोटारीतून कोणीतरी हसलं. मारोतीभाऊ हसला नाही. त्याचे डोळे लाल झाले होते. धुराने असतील, पोराच्या आठवणीने असतील, मी विचारलं नाही. तो म्हणाला, "घरात देवी असून फोडणी देल्ली तं काय होते, माहीत हाय तुले?"

"माहीत हाय. म्हणून तं देऊन राह्यली."

"माह्यासमोर आखीन एकदा टाक."

कढईत तेल आता थोडंच होतं. मी उरलेल्या मिरच्या हातात घेतल्या, त्याच्याकडे बघितलं आणि टाकल्या. तो धुरात तसाच उभा राहिला. तोंडावर हात घेतला नाही, खोकला दाबला नाही. मग मागं वळून मोटारीला म्हणाला, "मागची सीट खाली करा. बाप्ये टपावर जा. बाईले चढवा." एका बाईनं आत कुरकुर केली, आमच्या लेकरांचं काय म्हणून. मारोतीभाऊ म्हणाला, "ज्याले भेव वाटते त्यानं उतरून पायी यावं. एक जण येऊनच राह्यला." कोणी उतरलं नाही.

अजूनही कोणी मला विचारतं, तुला भीती वाटली नाही का? वाटली होती. पुढं कितीतरी दिवस मी सकाळी उठून आधी हात आणि पोट बघायची, फोड आला का म्हणून. आला नाही. आता डॉक्टर मला तेल कमी खा म्हणतो. सून वरणावर तुपाचा थेंब टाकून देते. मी ताट सरकवते. बिनफोडणीचं वरण मी खात नाही, आणि कारण सांगत नाही.

मायला मागच्या सीटवर आडवं केलं. चैतीबाई तिच्या पोटाला हात लावून खाली बसली आणि प्रत्येक खड्ड्याला मारोतीभाऊला गोंडीत काहीतरी ऐकवत होती, ते कौतुकाचं नव्हतं. मी खिडकीशी होते. माय कण्हायची थांबली की मी वळून बघायची, आणि कण्हायला लागली की मला बरं वाटायचं. बराच रस्ता गेला. पळसाच्या रानातलं वळण घेतलं आणि मारोतीभाऊ म्हणाला, "तो पाय. तुहा बाप."

बाबा रस्त्याच्या कडेनं येत होते. डोक्यावर पंचा, हातात डबा, पाय अनवाणी. मोटारीचा आवाज ऐकून ते रस्त्याखाली उतरले आणि पाठ करून उभे राहिले, आपला वारा मोटारीतल्या माणसांना लागू नये म्हणून. हात केला नाही. मोटार त्यांच्याजवळ थांबली तरी ते वळेनात.

"जा, मारोतीभाऊ," तिकडेच तोंड ठेवून ते म्हणाले. "काऊन थांबला? माह्या घरी देवी हाय."

मी खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडले, "बाबा, देवी नाई! तेल सरलं होतं!"

ते वळले. मला बघितलं. मोटारीत मी कशी हे त्यांना समजेना. मग त्यांना मागच्या सीटवर मायचे पाय दिसले. चढले आणि मायच्या पायाशी खालीच बसले. त्यांच्या पायांना फोड आले होते, फुटले होते, मोटारीच्या पत्र्यावर ओले ठसे उमटले. माय डोळे न उघडता म्हणाली, "जेवले का?" त्यावर बाबांनी फक्त तिचा घोटा धरला.

दवाखान्यात मायला आत नेलं. पोट कापून पोर काढावं लागेल म्हणाले. बाबांनी कागदावर अंगठा दिला. आम्ही व्हरांड्यात बसलो. चैतीबाई भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली. बाबांनी पाय पोटाशी घेतले होते आणि ते दाराकडे बघत होते. मीही दाराकडेच बघत होते. खूप वेळानं नर्स आली, हातात टॉवेलात गुंडाळलेलं लालबुंद काहीतरी. मुलगी होती. रडत होती. नर्स म्हणाली, आईसुद्धा वाचली, शुद्धीवर यायला वेळ लागेल. बाबांनी पोरीकडे बघितलं, मान हलवली आणि नर्स आत गेल्यावर जागेवर बसले.

मग त्यांनी डब्याची हिरवी चिंधी सोडली. सकाळपासून त्यांनी काही खाल्लेलं नव्हतं. देवीच्या घरचं अन्न म्हणून त्यांनी ते टाकलंही नव्हतं, उन्हातून इतक्या लांब तसंच आणलं होतं. वरण आंबलं होतं, वास मलाही येत होता. मी म्हटलं, बाबा, नका खाऊ. त्यांनी ऐकलं नाही. भातात कालवून सगळं खाल्लं, डबा बोटानं पुसून घेतला, झाकण लावलं आणि चिंधी पुन्हा बांधली.

"वरण बरं झालं होतं," ते म्हणाले. "फोडणी पाह्यजे होती."